मानेचा डिस्टोनिया आणि दर तिमाहीची रुग्णसेवा
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचे जमाखर्चपत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा आमचा मानस नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रात आमची गती बेताचीच. तरीही आज एका आजाराविषयी व त्यावरील इंजेक्शनाविषयी बोलावे असे वाटते, कारण त्या इंजेक्शनाने आम्हांला हिशेबाचाच एक धडा शिकविला.

या आजारास सर्व्हायकल डिस्टोनिया, म्हणजे मानेचा डिस्टोनिया म्हणतात. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे संदेश जातात, ते इच्छेविरुद्ध आखडतात आणि मान एका बाजूस वळते, कलते अथवा मागे-पुढे ओढली जाते. बहुतेकांना वेदना असतात, काहींची मान थरथरते. चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हा आजार अधिक दिसतो. हनुवटीला नुसते बोट टेकविले की अनेकांची मान काही क्षण सरळ होते. तज्ज्ञांना या खुणेने निदानास मदत होते. घरच्यांना मात्र तिच्यामुळेच हे सोंग वाटते.

आमच्याकडे आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या भगिनीचे असेच झाले. मान डावीकडे वळलेली, सुईखालचे कापड दिसेना. लचक म्हणून मालीश झाली, मणक्याची झीज म्हणून पट्टा झाला, बाहेरची बाधा म्हणून अंगारेही झाले. मज्जाविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यात चार वर्षे गेली.

त्यांनी सुचविलेले औषध होते बोट्युलिनम टॉक्सिन. हे मुळात एक विष. दूषित अन्नातून होणाऱ्या या विषबाधेचा अभ्यास करताना जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याच्या औषधी उपयोगाची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आणली सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी, तिरळेपणाच्या उपचारासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठी आणि २००० मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी त्यास मान्यता दिली. मज्जातंतूने स्नायूस दिलेला आखडण्याचा संदेश हे औषध अडविते. अतिसूक्ष्म मात्रेत, नेमक्या स्नायूत दिले की तेवढाच स्नायू सैल पडतो. काहींना काही दिवस गिळताना त्रास होतो वा मान अशक्त वाटते. म्हणून स्नायूची निवड व मात्रा अनुभवी हातीच असावी लागते.

आता हिशेबाकडे वळतो. या औषधाचा गुण काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मूळ आजार जात नाही. इंजेक्शन पुन्हा द्यावे लागते. तेही घाईने नव्हे, सामान्यतः बारा आठवड्यांचे अंतर राखून, कारण वरचेवर दिल्यास शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्याचा संभव वाढतो. वर्षाला चार वेळा, तीही अनेक वर्षे, असा हा खर्च आहे. बोटॉक्सची एक कुपी १०० युनिटांची घेतली, तर मानेसाठी पुष्कळदा दोन किंवा अधिक कुप्या लागतात. निरनिराळ्या कंपन्यांची युनिटे समान नसतात. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून खरेदी विभागाने परस्पर औषध बदलणे धोक्याचे. कुपी २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते व एकदा तयार केली की फार काळ ठेवता येत नाही. म्हणून रुग्ण समोर येऊन बसल्याखेरीज ती तयार करावयाची नाही, असा दंडक आम्ही घातला आहे.

त्या भगिनीचे पहिले इंजेक्शन मदत निधीतून झाले. महिन्याभरात त्या सरळ मानेने आल्या, सोबत स्वतः शिवलेली पिशवी घेऊन. दुसऱ्या खेपेस कचेरीने त्यांना नियम दाखविला: एका रुग्णास वर्षातून एकदाच मदत. नियमाखाली सही आमची होती. त्या काही न बोलता परत गेल्या. सात महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा मान पूर्ववत वळलेली होती आणि मशीन विकलेले होते.

शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवून केलेला तो नियम होता. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून लागू असलेल्या योजनेत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. मात्र इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जाणारा रुग्ण खाट अडवीत नाही, म्हणून आमच्या खाटांच्या तक्त्यात तो कधी उमटलाच नाही. चूक योजनेची नव्हे, आमच्या नोंदवहीची होती.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही तो नियम बदलला आहे. आता पहिले इंजेक्शन देण्यापूर्वीच त्या रुग्णाच्या नावे वर्षाच्या चारही खेपांची तरतूद केली जाते. तेवढी रक्कम नसेल तर कुटुंबास आधीच स्पष्ट सांगितले जाते. त्या भगिनींचे उपचार नव्याने सुरू झाले आहेत. मशीन मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही.

देणगीदारांना एकच विनंती. इमारतीवर वा यंत्रावर आपले नाव कोरता येते; तीन महिन्यांत ओसरणाऱ्या औषधावर ते कोरता येत नाही. तरीही आपल्यापैकी कोणी एका रुग्णाच्या वर्षभराच्या चार खेपा स्वीकारल्या, तर कोणाचे तरी काम वर्षभर अखंड चालेल. आणि रुग्णांच्या आप्तेष्टांना सांगणे असे की, आपल्या माणसाची मान वळत असेल तर त्यास सोंग म्हणू नका; मज्जाविकारतज्ज्ञांकडे आणा, आणि पुढची तारीख चुकवू नका.