दोघं मिळून निघा



मला विषय दिलाय 'घोड्यांच्या क्षेत्रातील संधी'. पण शाळेच्या या पटांगणात उभं राहिलं की आधी आमचं जुनं बल्लारपूरच डोळ्यांपुढे येतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बाबा खाणीवर जायचे आणि आम्ही शाळेत. वाळत घातलेल्या सदऱ्यांवर कोळशाची भुकटी बसायची, ती झटकून आई ते आमच्या अंगात घालायची. 1973 साली खाणी सरकारच्या झाल्या, पण बाबा ठेकेदाराकडे होते. पुढे ते काम थांबलं आणि घरात चूल दिवसातून एकदाच पेटू लागली.

गावातल्या एकाची पुण्याच्या रेसकोर्सवर ओळख होती. तेवढ्या आधारावर दादा आणि मी निघालो. तोवर आम्ही फक्त टांग्याचे घोडे पाहिले होते!

तबेल्यात पहाटे चारला काम सुरू होतं. खरारा करण्याआधी घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांवरून, गुडघ्याखाली, तळवा फिरवायचा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर शीर दुखावली असं समजायचं, त्या दिवशी पळवायचं नाही. दादाच्या तळव्यावर आमचे जमादार डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ उठला की जिवावर बेततं. अशा रात्री एकानं घोडा धरून चालवत राहायचं आणि दुसऱ्यानं डॉक्टरांना उठवायला धावायचं. आम्ही दोघं होतो म्हणून ते जमलं. एकाचा पगार मनीऑर्डरनं घरी जायचा, दुसऱ्याच्या पगारात दोघं जेवायचो. पावसाळ्यात पुण्याच्या शर्यती, हिवाळ्यात महालक्ष्मीच्या. घोड्यांबरोबर आमचंही बिऱ्हाड हलायचं. एकटी आलेली चांगली पोरं अख्खा पगार शर्यतीवर लावून बसलेली मी पाहिली. मला दादाचा धाक होता.

म्हणून सांगतो, गाव सोडायचं तर एकट्यानं सोडू नका. भावाला घ्या, बहिणीला घ्या, सख्खं नसेल तर चुलत-मावस कुणी घ्या. मुलींनो, नर्सिंगला निघालात तरी हेच. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण एका खोलीत दोघं राहा.

सर, तुम्ही समोर बसलात म्हणून बोलतोच. आईला वाचता येत नव्हतं. दादाची पत्रं तुम्ही शाळा सुटल्यावर घरी येऊन तिला वाचून दाखवायचात, आणि पैशांची अडचण लिहिलेली असली की तेवढ्या ओळी गाळायचात. हे मला आईनं फार उशिरा सांगितलं.

संधींचं थोडक्यात सांगतो. नालबंद, रायडर, पशुवैद्य, सगळे हवे असतात. माझा नंबर ऑफिसात दिलाय.

आणि आठशे मीटरमध्ये पहिला-दुसरा आलेले ते दोघे भाऊ कुठे आहेत? मोठा बाहेरगावी आयटीआयला जाणार असं मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. कार्यक्रम झाल्यावर दोघंही मला भेटा, आणि आईला घेऊन या. धाकट्याच्या तिथल्या शाळेचं काय करायचं, ते आजच बोलू.