पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ छापण्याआधी



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांत सध्या एक प्रश्न हमखास येतो. “ताई, प्लास्टिकबंदी आहे, मग विरघळणाऱ्या पिशव्यांचं मशीन घेऊ का? कर्ज मिळतं म्हणतात.”

कर्ज मिळतं, हे खरं आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण मशीन दारात उतरलं म्हणजे माल विकायची परवानगी मिळाली असं होत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये कित्येक महिने जातात आणि बँकेचं व्याज काही थांबत नाही. म्हणून आज या मधल्या महिन्यांबद्दल बोलू.

आधी नियम बघू. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तिच्यात कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट मिळाली ती रोपवाटिका, बागायत, शेती आणि घनकचरा यांच्यासाठी; तीही पिशवी कशासाठी आहे हे ठळक छापण्याच्या अटीवर. बाजाराच्या पिशवीला ही सूट नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपोस्ट होणारी ताटं, वाट्या, पेले, चमचे यांनाही मुभा मिळाली, पण सिपेट ही चाचणी करणारी केंद्र सरकारची संस्था आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचं प्रमाणपत्र असेल तरच. नियम मोडला तर पहिल्यांदा ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. गटाची वर्षभराची बचत एका दंडात जाऊ शकते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने नियम आणखी कडक केले. आता ‘जैवविघटनशील’ म्हणायचं असेल तर मागे प्लास्टिकचे बारीक कणही उरता कामा नयेत, आणि किती दिवसांत, कुठे विघटन होतं ते वस्तूवर लिहावं लागतं. ‘कंपोस्टेबल’ वस्तूवर ती फक्त औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातच कुजते, असं छापावं लागतं. म्हणजे ‘इको’ लिहिलं, हिरवं पान काढलं की काम झालं, ते दिवस गेले.

मग चाचणीत बघतात काय? मानकाचा क्रमांक १७०८८. माल साधारण ५८ अंश उष्णतेच्या कंपोस्टमध्ये ठेवतात. १८० दिवसांच्या आत त्याचं ९० टक्के जैविक विघटन व्हावं लागतं. १२ आठवड्यांनी कंपोस्ट दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. वर दहा टक्क्यांहून जास्त तुकडे राहिले तर माल नापास. जड धातू तपासतात. शेवटी त्याच खतात बी पेरून ते नीट रुजतं का तेही पाहतात. सहा महिन्यांची परीक्षा आहे ही, घाई करून आटपत नाही.

बाजारात एक माल असाही येतो, ज्यात साध्या प्लास्टिकमध्ये पावडर मिसळलेली असते. उन्हात त्याचा भुगा होतो. दिसेनासा झाला म्हणजे कुजला नव्हे. तुकडे मातीतच राहतात. तो या परीक्षेत बसत नाही.

ज्या बहिणी हा धंदा करतात किंवा करणार आहेत, त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, कच्चा माल. दाण्यांसोबत चाचणी अहवाल मागा आणि तो वाचा. आमच्या एका गटाला पुरवठादाराने झेरॉक्स दिली होती. त्यावर कंपनी दुसरीच आणि जाडीही वेगळी. गटातल्या बारावी झालेल्या मुलीने ते पकडलं, म्हणून आगाऊ रक्कम वाचली. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादकांची यादी असते. नाव त्या यादीशी ताडून बघा.

दुसरी, कृती बदलू नका. आपण पेणच्या बायका, आपल्याला हे पटकन कळेल. पीठ बदललं की पापड बदलतो. तसंच इथेही जाडी, रंग, शाई आधी पक्की करा आणि मगच नमुना पाठवा. नंतर स्वस्तातले दाणे मिसळले तर हातातलं प्रमाणपत्र त्या मालाचं राहत नाही.

तिसरी, मशीन. त्याच मशीनवर साधं प्लास्टिक काढू नका. आत राहिलेलं प्लास्टिक नव्या मालात उतरतं आणि चाचणी बिघडते. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या. ओल लागली की हा माल कमजोर होतो. कोरडी खोली हवी, आणि साठाही दोन-चार पावसाळ्यांचा करायचा नाही.

चौथी, बँक. हप्ते सुरू होण्याआधीची मुदत मागताना चाचणीचे सहा महिने आणि मंजुरीचा काळ दोन्ही धरून मागा. दुसऱ्याचा माल आणून विकायचा म्हटलं तरी त्या मालाला प्रमाणपत्र लागतं, हे विसरू नका. राज्य मंडळाची नोंदणी वेगळी.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. ही पिशवी शेवटी जाणार कुठे? आपल्या परसातल्या खड्ड्यात ५८ अंश उष्णता आठवडेच्या आठवडे टिकत नाही. कुंडलिकेत किंवा भोगावतीत टाकली तर ती तरंगत खाडीपर्यंत जाईल, कुजणार नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक शोधा. ज्यांचा ओला कचरा कंपोस्ट प्रकल्पात जातो अशी नगरपालिका किंवा सोसायटी, नाहीतर रोपवाटिका. त्यांच्याकडून महिन्याला किती पिशव्या घेणार हे लेखी घ्या. तो कागद हातात नसेल तर मशीन थांबू द्या. जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या आणि पानांच्या पत्रावळी यांना असली सहा महिन्यांची परीक्षा नाही, आणि त्यांची मागणीही आहे.

पुढच्या बैठकीत इतिवृत्तात पाच प्रश्न लिहा : माल कुणाचा, प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं, जाडी किती, चाचणी होईपर्यंत हप्ता कोण भरणार, पिशवी घेणार कोण. पाचही उत्तरं मिळाली तरच ठरावावर सह्या करा. अध्यक्ष, सचिव म्हणून तुमची सही असते, आणि फेडायची वेळ आली की बँक त्याच सहीकडे बघते.