पुरेसं काडतूस

चिखलदऱ्याच्या पठारावरून दिसणारं हे मेळघाटचं सागाचं रान 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झालं. त्याआधी हा शिकारीचा मुलूख होता. रायफल कोणती, काडतूस कोणतं, यावर तेव्हा खूप खल चालायचा. वरवर हौसेचा वाटणारा तो प्रश्न खरं तर जबाबदारीचा होता.

रानगवा घ्या. पुरता वाढलेला नर आठशे किलोंच्या घरात जातो. त्याचं हृदय छातीत खाली, पुढच्या पायांच्या आड. बाजूनं मारलेली गोळी तिथवर पोचायची तर जाड कातडं, खांद्याचं हाड आणि बरगडी भेदावी लागते. मऊ टोकाची गोळी आदळताच पसरते. वाघाला ती चालायची, पण गव्याच्या खांद्यावर ती वरच फुटण्याचा धोका. म्हणून गव्यासाठी न पसरणारी, कठीण कवचाची भरीव गोळी लागे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं 1912 साली काढलेलं .375 मॅग्नम या कामाला उतरायचं. त्याची 300 ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वेगानं सुटते. आपल्याकडच्या .315 ची गोळी 244 ग्रेनची, वेगही कमी. गव्यापुढे ती तोकडीच.

पण मोठ्या काडतुसानं चुकलेला नेम सुधारत नाही. धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढताना खांदा आखडला, तर जड गोळीही पोटात जाते. ताकद हवी, आणि ती आपल्याला झेपायलाही हवी.

कमी पडलेल्या गोळीची किंमत दुसराच कुणी मोजायचा. जखमी जनावर बांबूच्या बेटात शिरलं की माग काढायला पुढे कोरकू आदिवासी. नजर पाचोळ्यावरच्या रक्तावर, हातात फार तर कुऱ्हाड. बंदूकवाला त्याच्या मागे. कधी ही किंमत गावंच्या गावं मोजत. 1907 साली जिम कॉर्बेटनं कुमाऊँमध्ये चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर 436 माणसांचे बळी होते. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीनं ते तुटले आणि नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांवर वळली, असं कॉर्बेटनं लिहून ठेवलंय.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार संपली, आणि संपली हे योग्यच झालं. आज माणसांच्या जिवावर उठलेला वाघही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही. आधी तो बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करावा लागतो.

पुरेसं किती, हा प्रश्न मात्र उरलाच आहे. आता तो पशुवैद्यापुढे असतो. झायलाझिन आणि केटामाइन या गुंगीच्या औषधांची मात्रा लांबून वजनाचा अंदाज घेऊन ठरवायची. कमी पडली तर अर्धवट गुंगीतला वाघ गर्दीत घुसू शकतो, जास्त झाली तर त्याचा श्वास थांबू शकतो. त्यात भोवती आरडाओरडा झाला की बिथरलेल्या जनावरावर औषध उशिरा चढतं.

म्हणून मेळघाटातल्या आणि पायथ्याच्या गावकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जखमी किंवा अडकलेलं जनावर दिसलं, तर त्याच्या मागे जाऊ नका, दगड मारू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि पथकाला मोकळी जागा द्या. नेम धरणाऱ्याला शांतता मिळाली, तर माणूस आणि वाघ दोघंही वाचतील.