मायेचे कायदे



पांझरेकाठच्या या वसंतातल्या संध्याकाळी आम्ही एका खेळाविषयी बोलणार म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु विषय वरून पोरकट दिसला तरी त्याच्या पोटात गंभीर प्रश्न दडला आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती चारपाच जण बसतात. एक सूत्रधार होतो; बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक अशी पात्रे वठवतात. मांत्रिकाने माया रचली तर पुढे काय घडावे, हे फासे आणि छापील नियम ठरवतात. म्हणजे तेथे खोट्यालाही कायदा आहे!

२०१४ च्या आवृत्तीतले नियम पाहा. एका साध्या मंत्राने नसलेली भिंत दाखवता येते. पण ते नुसते चित्र, त्याला आवाज नाही की वास नाही. हात लावला की आरपार जातो आणि बिंग फुटते. हात लावायचा नसेल, तर आपली पाळी खर्चून ती भिंत निरखावी लागते. मग फाशाच्या दानात बुद्धीची भर घालून मांत्रिकाच्या सामर्थ्याचा आकडा गाठायचा. 'मला हे पटत नाही' एवढे म्हणून भागत नाही.

मयसभेत दुर्योधनाचे हेच चुकले. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून त्याने वस्त्रे सावरली, आणि पुढे खऱ्या पाण्याला जमीन समजून तो त्यात पडला. पहिल्या फजितीने त्याला शंका शिकवली, पारख शिकवली नाही. शंका घेणे निराळे आणि तपासून पाहणे निराळे.

याच खेळातला दुसरा मंत्र याहून भयंकर. त्याची माया एकाच माणसाच्या मनात शिरते. मायेच्या पुलावर पाय ठेवून तो खाली कोसळला आणि वाचला, तरी म्हणतो, 'पूल होताच. माझाच पाय घसरला!' श्रोतेहो, हा माणस आपल्या ओळखीचा नाही काय? अंगाऱ्याने मूल बरे झाले नाही, तर 'आमचीच श्रद्धा कमी पडली' म्हणणारा तो हाच.

जादूगार रघुवीरांच्या प्रयोगाला लोक तिकीट काढून, फसण्याच्या हौसेनेच जात. तो राजीखुशीचा करार होता. भोंदूबाबा असा करार करीत नाही. तो हातच लावू देत नाही. 'तपासून पाहा' असे सांगत महाराष्ट्रभर हिंडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला.

कायदा झाला, पण भिंतीला हात लावण्याचे काम कायदा करीत नाही. ते ज्याचे त्यालाच, आपली पाळी खर्चून, करावे लागते. आपण ते करावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.