गर्दी आपली होती तेव्हा

बहुमताला मर्यादा हवी, यावर या हॉलमध्ये कुणाचं दुमत नसेल. आपण संख्येने कमी आहोत, साहजिकच आहे. म्हणून आज मी गर्दी आपली होती तेव्हाची गोष्ट सांगतो.

इंदूरच्या शहाबानो. १९७८ मध्ये नवऱ्याने तलाक दिला तेव्हा साठी ओलांडलेल्या. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये पोटगी दिली, हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. नवरा स्वतः वकील. तेवढ्या रकमेसाठी सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८५ मध्ये हरला. मग मोर्चे निघाले. दबाव इतका, की शहाबानोंनीच निकाल नाकारणारं पत्र काढलं. चारशेहून जास्त खासदारांचं सरकार नमलं आणि १९८६ मध्ये नवा कायदा आला. नवऱ्याची जबाबदारी इद्दतपुरतीच, असा त्याचा अर्थ घेतला गेला. रस्त्यावर गर्दी, संसदेत बहुमत आणि समोर एक म्हातारी बाई.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे अख्खी टीम ‘हो’ म्हणाली तरी टेस्ट फेल झाली तर कोड लाइव्ह जात नाही. रात्री अकराला आम्ही त्यावर जाम चिडतो. पण तो अडसर आम्हीच शांत डोक्याने बसवलेला असतो. घटनेची कलमं १४, १५ आणि २१ मला तशीच वाटतात.

शहाबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्याला आव्हान दिलं. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी कायदा ठेवला, पण त्याचा अर्थ घटनेत बसवला: नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी सोय करायची. शहाबानो १९९२ मध्येच गेल्या होत्या.

कोर्ट काही फरिश्ता नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी अटकेतल्या माणसांना दार बंद केलं होतं.

जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं, की घटस्फोटित मुस्लिम बाई कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘शरियतमध्ये ढवळाढवळ’ असे मेसेज सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये त्याच कोर्टाने बुलडोझरला लगाम घातला, पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. तेव्हा तेच चाचा, तेच मामू घटनेचे गोडवे गात होते. जुलैत मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. अम्मीही त्या ग्रुपवर आहे.