ज्वारीचा भरडा आणि गुरांचे पचन
अर्धापूरसह नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी गुरांच्या खुराकात ज्वारी असली, तर तिच्यातील स्टार्च, म्हणजे पिष्टमय पदार्थ, काफिरीन नावाच्या चिवट प्रथिनांच्या जाळीत अडकलेला असल्यामुळे मक्यातील स्टार्चपेक्षा सावकाश पचतो आणि न चावले गेलेले अखंड दाणे पुष्कळदा शेणावाटे वाया जातात. दाणा भरडला की वरचे आवरण फुटून कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजंतू स्टार्चपर्यंत पोहोचतात. वाफवून चपटा केल्यास पचन आणखी वाढते. मात्र पिठासारखे बारीक दळलेले धान्य एकदम जास्त दिल्यास आम्ल साचून कोटीपोटाचा सामू ५.५ च्याही खाली घसरतो, रवंथ मंदावतो आणि जनावर दगावूही शकते. म्हणून कडब्यासोबत बेताने दिलेला जाडसर भरडाच अधिक श्रेयस्कर ठरतो.