चुंबकातून थंडावा



सुरतेच्या उन्हाळ्याचे वर्णन सुरतकरांपुढे करावयास नको. सुमुल डेअरीचे दूध असो की घरातील शीतकपाट, थंडाव्याचे तत्त्व एकच: विशिष्ट वायू दाबून त्याचा द्रव करावयाचा, निघालेली उष्णता बाहेर टाकावयाची आणि त्या द्रवाचे पुन्हा बाष्प होऊ द्यावयाचे. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला मारक वायू हटू लागले. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी अनेकांनी पृथ्वी तापविण्यास हातभार लावला, म्हणून 2016 मध्ये किगाली येथे त्यांच्याही कपातीचे ठरले. असा वायू न वापरता थंडावा मिळेल काय, हा आजचा विषय.

1917 साली पिएर वाइस आणि ऑगस्ट पिकार यांना निकेलमध्ये एक नवल आढळले. चुंबकीय क्षेत्रात नेताच धातू किंचित तापतो, बाहेर काढताच निवतो. (हेच पिकार पुढे बलूनमधून स्थितांबरात गेले.) प्रार्थनेची घंटा होताच मुले रांगेत उभी राहावीत, तसे क्षेत्रात अणूंचे सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळतात, त्यांची अव्यवस्था कमी होते आणि धातू तापतो. ही उष्णता पाण्याने वाहून न्यावी, मग क्षेत्र हटवावे. रांग मोडते, आणि मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा धातू स्वतःच्याच उष्णतेतून घेतो. गॅडोलिनियममध्ये हा गुण सुमारे 20 अंश सेल्सिअसला, म्हणजे घरगुती तापमानाला, प्रकर्षाने दिसतो. 1976 साली जी. व्ही. ब्राउन यांनी त्याच्या साहाय्याने 7 टेस्ला क्षेत्रात 47 अंशांची तफावत साधली. एका आवर्तनात मात्र टेस्लामागे दोन-तीन अंशच हाती लागतात. बाकीची चढण पायरीपायरीने चढावी लागते.

1997 साली पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन व जर्मेनियमच्या संयुगात हाच परिणाम कितीतरी मोठा दाखविला. पण अशा पदार्थांत शैथिल्य असते. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा वाया जाते. येथे अब्जांश मापाची रचना उपयोगी पडते. कण बारीक केले की शैथिल्य घटू शकते, गुण तापमानाच्या अधिक विस्तृत पट्ट्यात पसरतो, पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभागही वाढतो. मात्र परिणामाचे शिखर खाली येते. हिऱ्याला पैलू पाडताना वजन घटते, हे या शहराला शिकवावयास नको. बारीक केले की सारेच साधते, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. के. जी. सुरेश आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ए. के. निगम यांनी अशा चुंबकीय पदार्थांवर दीर्घकाळ काम केले आहे.

2015 साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात हायर कंपनीने चुंबकावर चालणारे मद्याचे शीतकपाट मांडले. दूधभाजीचे कपाट मात्र अद्याप घरोघर पोहोचलेले नाही. अडले आहे ते पदार्थाइतकेच चुंबकापाशी: एक-दीड टेस्लाचे क्षेत्र देणारा निओडिमियमचा चुंबक जड आणि महाग असतो, तर कॉम्प्रेसर वर्षानुवर्षे टिकतो आणि बिघडलाच तर शेजारच्या गल्लीत दुरुस्त होतो.